डॉ. खानोलकरांची पाठशाळा आणि परभणीचा विद्यार्थी

कर्करोगाविषयी बोलणे निघाले की मोठी रुग्णालये, लक्षावधींची यंत्रे आणि नामांकित शल्यविशारद यांचीच चर्चा होते. काचपट्टीवरील पेशी कर्करोगाची आहे की नाही हे ठरविणारा, किंवा क्ष-किरणांच्या चित्रातील पुसट सावलीचा अर्थ लावणारा शिकलेला डोळा मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक रुग्णाचे भवितव्य पुष्कळदा त्या डोळ्यावर अवलंबून असते. यंत्रे पैसे मोजून आणता येतात. डोळा घडवावा लागतो, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला ऐन उमेदीच्या वयात जाणत्या माणसाच्या शेजारी बसवावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना संशोधनाचे प्रशिक्षण देण्याची जी प्रथा आज देशातील अनेक संस्थांत रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी हीच जाणीव आहे.

कर्करोगाच्या क्षेत्रात हे काम या देशात ज्यांनी पायापासून उभे केले, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर होत. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून वैद्यकीय जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे शोधनिबंध, त्यांना लाभलेले मानसन्मान आणि त्यांनी भूषविलेली पदे यांची यादी मोठी आहे. परंतु त्यांची खरी थोरवी त्या यादीत सापडत नाही. वैद्यकाची पदवी नसलेल्या, वनस्पतिशास्त्रापासून संख्याशास्त्रापर्यंत नाना विषयांतून आलेल्या तरुणांना त्यांनी कर्करोग पाहावयास शिकविले, यात ती आहे. परभणी येथे 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असता आणि कृषी व पशुवैद्यक शिक्षणाची परंपरा तेथे अर्धशतकाची असता, या चरित्राकडे नव्याने पाहणे अगत्याचे ठरते.

क्वेट्टा ते परळ

वसंतरावांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी क्वेट्टा येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, एका मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या 8 नोव्हेंबरला जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. जिवंत माणसाच्या शरीराचे अंतरंग शस्त्र न लावता पाहण्याचे युग आणि शरीराच्या विकृतींचा अर्थ लावण्यात आयुष्य घालविणारा हा पुरुष एकाच वर्षी जगात आले.

वसंतरावांनी वैद्यकाचे शिक्षण लंडन विद्यापीठात घेतले आणि 1923 साली विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळविली. विलायतेत शिकलेल्या डॉक्टरापुढे त्या काळी धनसंपन्न व्यवसायाचा राजमार्ग मोकळा असे. विकृतिशास्त्रज्ञाकडे मात्र रुग्ण येत नाहीत. त्याच्याकडे येतो तो रुग्णाच्या शरीराचा काढलेला तुकडा. त्याचे नाव रुग्णाला ठाऊकही नसते. कीर्ती आणि पैसा या दोहोंपासून दूर असलेला हा विषय त्यांनी जाणूनबुजून पत्करला. मुंबईस परतल्यावर प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी या विषयाचे अध्यापन केले.

हे दुसरे महाविद्यालय साधे नव्हते. 1926 साली किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयाच्या जोडीने ते सुरू झाले, तेव्हा तेथील अध्यापक भारतीयच असावेत, असा देणगीदारांचा आग्रह होता. वरिष्ठ जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवणाऱ्या सरकारी वैद्यकीय सेवेला दिलेले ते कृतिशील उत्तर होते. भारतीय माणूस औषधोपचार करील, पण मूलभूत संशोधन त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा समज त्या काळी केवळ राज्यकर्त्यांचाच नव्हता. तो पुष्कळ सुशिक्षित भारतीयांच्याही मनात रुजलेला होता. खानोलकरांनी त्या समजाविरुद्ध भाषणे दिली नाहीत. प्रयोगशाळा उभ्या केल्या.

परळमध्येच 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय साकार झाले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा आणि संशोधन यांची धुरा खानोलकरांकडे आली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तेथल्या रुग्णाला मुंबई गाठावयाची तर मीटरगेजच्या गाडीने मनमाडपर्यंत येऊन तेथे गाडी बदलावी लागे. तरीही देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण परळला येऊ लागले, आणि त्या गर्दीत खानोलकरांना एक अपूर्व ग्रंथ उघडा पडलेला दिसला.

राहणी आणि रोग

तो ग्रंथ म्हणजे भारतीय माणसाची राहणी. एकाच रुग्णालयात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, गुजराती, मराठी, बिहारी, आंध्र असे नाना प्रकारचे लोक येत. परंतु प्रत्येकाचा कर्करोग शरीराच्या निराळ्या भागी आढळे. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक. पाश्चात्य पुस्तकांत तोंडाच्या कर्करोगाला गौण स्थान असे. परळच्या बाह्यरुग्ण विभागात तो रोज समोर उभा राही. शरीररचना सर्वांची सारखीच असताना रोग जागा का बदलतो, हा प्रश्न खानोलकरांनी विचारला, आणि त्याचे उत्तर त्यांनी रक्तात किंवा वंशात घाईने शोधले नाही. त्यांनी प्रथम माणसांच्या सवयी पाहिल्या.

1945 साली त्यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह अमेरिकेतील एका विकृतिशास्त्रविषयक नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. रूढी आणि कर्करोग यांचा संबंध दाखविणारे तीन नवे भारतीय प्रकार त्यात वर्णिले होते. पहिला खैनीचा. तंबाखू चुन्यात मळून ती ओठ आणि हिरडी यांच्यामधील खोबणीत दाबून ठेवणाऱ्यांना नेमक्या त्याच जागी कर्करोग होत होता. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीत जाड चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती, विशेषतः स्त्रियांत. तेथे कर्करोग तालूवर उद्भवे. तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे करकचून बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने कातडी काळवंडे, मग तिचा रंग उडे, व्रण पडे आणि काही जणांत त्याच जागी कर्करोग उत्पन्न होई.

या निबंधाचे महत्त्व कालक्रम ध्यानी घेतल्यावाचून कळावयाचे नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध करणारे इंग्लंड-अमेरिकेतील गाजलेले अभ्यास 1950 सालचे. त्यापूर्वी पाच वर्षे परळच्या प्रयोगशाळेतून तंबाखूकडे बोट दाखविले गेले होते, आणि तेही कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय. सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि रुग्णाला आपुलकीने विचारलेले प्रश्न एवढीच त्यामागची सामग्री होती. कोणता रुग्ण तंबाखू कोणत्या गालफडात धरतो, धोतर कसे नेसतो, हे प्रश्न विचारावयास रुग्णाची भाषा आणि त्याचे घर ठाऊक असावे लागते. परदेशी तज्ज्ञाला जे दिसणे कठीण होते, ते या मातीतल्या संशोधकाला दिसले.

मर्यादाही नमूद केली पाहिजे. रुग्णालयात येणाऱ्यांवरून समाजातील रोगाचे प्रमाण काढणे धोक्याचे असते. जो येऊ शकला नाही तो हिशेबाबाहेरच राहतो. ही उणीव भरून काढण्यासाठी लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी लागते. अशी देशातील पहिली नोंदणी 1963 साली मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने सुरू केली. ग्रामीण भागासाठी ती 1987 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. प्रश्न मात्र परळच्या प्रयोगशाळेने आधीच विचारून ठेवला होता.

शिष्यांचा मेळावा

1952 साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. येथे त्यांनी जी माणसे जमविली, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे त्यांच्या दृष्टीची खरी कल्पना येते. वैद्यकीय संशोधन हे डॉक्टरांचेच राखीव कुरण आहे, हे त्यांनी कधीच मानले नाही.

कमल समरथ या पुण्याच्या विद्यार्थिनीने फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून 1943 साली एम. एस्सी. केले. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रे. सीताफळ आणि कर्करोग यांचा संबंध सामान्य परीक्षकाला दिसला नसता. परंतु वनस्पतीची पेशी असो वा माणसाची, गुणसूत्रे मोजण्याची आणि त्यांतील बिघाड ओळखण्याची नजर तीच असते. विवाहानंतर मुंबईस आलेल्या कमल रणदिवे यांना खानोलकरांनी आपल्या हाताखाली घेतले. 1949 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि परत येऊन शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा परळला उभारली. पुढे 1966 पासून काही वर्षे त्यांनी त्याच संस्थेचे संचालकपद सांभाळले. 1973 साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि उत्तरायुष्यात अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या आहार-आरोग्याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. 2001 साली त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या शिष्या सत्यवती सिरसाट. 1925 साली कराचीत जन्मलेल्या आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या सत्यवतीबाईंना विकृतिशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाने झपाटून टाकले आणि वैद्यकाची पदवी नसतानाही त्या खानोलकरांकडे आल्या. लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे शिक्षण घेऊन त्यांनी परळला जीववैद्यकीय संशोधनासाठी तशी प्रयोगशाळा संघटित केली. या विषयातील ती देशातील आद्य प्रयोगशाळा होय. तिसरे शिष्य एल. डी. संघवी. संख्याशास्त्राच्या वाटेने आलेल्या संघवींनी खानोलकरांसमवेत मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला, आणि पुढे कर्करोगाच्या प्रसाराचे गणित मांडण्यात नाव मिळविले.

वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र या तीन वाटांनी आलेली ही तीन माणसे एका छताखाली आली नसती, तर प्रत्येकाने आपापल्या विषयात सुखाची अध्यापकी केली असती. खानोलकरांनी त्यांना एकमेकांच्या टेबलाशी नेऊन बसविले. कर्करोग हा कोणत्याही एका शास्त्राला न गवसणारा रोग आहे, हे आज सर्वमान्य झालेले तत्त्व त्यांनी भाषणाने नव्हे, माणसांच्या निवडीने प्रस्थापित केले.

पाहण्याची विद्या

कर्करोगाचे चित्र वाचणे म्हणजे काय, हे जरा तपशिलाने समजून घेणे इष्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवून टिकविला जातो, मग मेणात बसवितात आणि मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग इतक्या जाडीचे त्याचे काप घेतात. हेमॅटॉक्सिलिन या, एका झाडाच्या लाकडापासून मिळणाऱ्या रंगाने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे दिसते आणि इओसिनने उरलेला भाग गुलाबी. निरोगी ऊतीत पेशी शिस्तीने रचलेल्या असतात. कर्करोगात केंद्रके फुगतात, त्यांचे आकार बेबंद होतात, विभाजन पावणाऱ्या पेशी जागोजागी दिसतात, आणि आवरणाची मर्यादा ओलांडून पेशी खाली घुसतात. ही लक्षणे पुस्तकात एका पानावर मावतात. पण सूज कोठे संपते आणि कर्करोग कोठे सुरू होतो हे शेकडो काचपट्ट्या पाहिल्यावाचून आणि चूक झाली तेव्हा गुरूने ती दाखविल्यावाचून उमगत नाही.

साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाच्या लहरींची मर्यादा असते. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात प्रकाशाऐवजी निर्वात नळीतून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात, ऊतीचे काप आणखी कितीतरी पटींनी पातळ घेतात आणि त्यांना जड धातूंचे लेपन देतात. त्यामुळे पेशीच्या आतील पडदे आणि पेशींबाहेरील तंतूही स्पष्ट होतात.

या दोन्ही साधनांचा उपयोग करून खानोलकर आणि सिरसाट यांनी एका खास भारतीय विकाराचा अभ्यास केला. या विकारात तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचून ते कठीण होते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे काहींना कर्करोग होतो. मिरचीच्या तिखटपणाचा यात हात असावा, अशी शंका तेव्हा घेतली जात होती. त्यांनी उंदरांना विशिष्ट आहार देऊन त्यांच्या तालूला मिरचीतील तिखट द्रव्याचा लेप लावला आणि ऊतीत होणारे बदल प्रकाश व इलेक्ट्रॉन अशा दोन्ही सूक्ष्मदर्शकांतून तपासले. तो निबंध 1960 साली प्रसिद्ध झाला. पुढील संशोधनाने या विकाराचे मुख्य कारण सुपारी असल्याचे दाखवून दिले, आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरविले. मिरचीवरील संशय मागे पडला. पण अस्तराखालील तंतूंचे जे चित्र त्या प्रयोगशाळेने रेखाटले, ते पुढच्या संशोधकांच्या उपयोगी पडले. संशोधनात चुकीच्या दिशेने नीट टाकलेले पाऊलही वाया जात नाही, हा धडा विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतच मिळतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याला जागा नसते.

1960 ते 1963 या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांना पद्मभूषण हा किताब आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमान मिळाला. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत कसा शिरकाव करतो, यावरही त्यांनी मोलाचे काम केले. त्यांनी वाढविलेले संशोधन केंद्र आणि टाटा रुग्णालय 1966 साली टाटा स्मारक केंद्र या एका छत्राखाली आले, आणि त्याची संशोधन शाखा आता नवी मुंबईत खारघर येथे आहे. 29 ऑक्टोबर 1978 रोजी खानोलकरांचे निधन झाले.

परभणीच्या विद्यार्थ्याने कोठे जावे?

त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, 1979 साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन विद्यावेतनाची योजना सुरू केली. विद्यार्थ्याने दोन महिने एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली एक छोटा प्रश्न सोडवावा, अशी तिची कल्पना. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील तीन विज्ञान अकादमींनी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती चालविली. खानोलकरांनी हाताने जे केले, त्याला या योजनांनी नियमांचे रूप दिले, असे म्हणता येईल.

प्रश्न आहे तो या योजनांपर्यंत पोहोचणार कोण हा. मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला अर्ज कधी निघतो, शिफारसपत्र कसे लिहितात, मार्गदर्शकाला पत्र कसे पाठवावे हे वर्गबंधूंकडूनच कळते. जिंतूर, गंगाखेड किंवा पाथरीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला ते सांगणारा कोणी नसतो. माहिती मिळाली तरी मुंबईत दोन महिने राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. ज्या घरात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे शेताच्या मशागतीचे किंवा चार पैसे मिळविण्याचे दिवस, त्या घराला मुलाचे दोन महिने विद्येसाठी देणे सोपे नसते. परिणामी निवड गुणवत्तेची होते असे कागदावर दिसते. वस्तुतः ती पुष्कळदा पत्त्याची होते.

यात नुकसान केवळ त्या विद्यार्थ्याचे नाही. रूढी आणि रोग यांचा संबंध हुडकण्याची खानोलकरांची पद्धत आजही तितकीच उपयुक्त आहे, आणि ती वापरण्यासाठी लागणारे ज्ञान परभणीच्या मुलांपाशी आहे. गावातील बाया मशेरी कशी लावतात, तंबाखूची गोळी कोणत्या वयात तोंडात येते, गुटख्याला 2012 साली बंदी होऊनही तो कोणत्या मार्गाने हाती पडतो, हे त्यांना कोणत्याही प्रश्नावलीवाचून ठाऊक असते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, लक्षाहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. विषाणूची चाचणी एकदा केली तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे 2009 साली त्यातून जगापुढे आले. मराठवाड्यातील खेडी जगाच्या वैद्यकाला उत्तरे देऊ शकतात, हे सिद्ध झाले आहे. मराठवाड्यातील विद्यार्थी त्या उत्तरांचा अर्थ लावणारे केव्हा होणार, एवढाच प्रश्न आहे.

परभणीची भूमी या कामाला अनुकूल नाही असे नव्हे. 1972 साली स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ तेथे आहे. कमल रणदिवे कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतूनच कर्करोगाकडे वळल्या होत्या, याचे स्मरण तेथील प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना करून द्यावे. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना बैलांच्या शिंगाचा कर्करोग परिचित आहे. त्याच्या काचपट्ट्या वाचताना तयार होणारी नजर माणसाच्या रोगालाही उपयोगी पडते. आणि आता वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे.

शिवाय काळ बदलला आहे. 1971 साली इंग्लंडमध्ये संगणकाच्या साहाय्याने माणसाच्या मेंदूचे पहिले छेदचित्र घेतले गेले, आणि त्यानंतर क्ष-किरणांची व चुंबकीय अनुकंपनाची चित्रे आकड्यांत साठविणे शक्य झाले. काचपट्टीही आता आकड्यांत उतरविता येते. अशी चित्रे रुग्णाचे नाव-गाव काढून टाकून आणि नीतिविषयक समितीची अनुमती घेऊन शेकडो मैलांवर अभ्यासासाठी पाठविता येतात. दोन महिन्यांच्या सुट्टीत एखाद्या विद्यार्थ्याने तोंडाच्या कर्करोगाची पन्नास चित्रे घेऊन गाठीची सीमा आखावी; दुसऱ्याने तीच चित्रे स्वतंत्रपणे पाहावी; दोघांचा मेळ कोठे बसतो आणि कोठे फाटतो हे मोजावे; आणि शेवटी विकृतिशास्त्रज्ञाच्या अहवालाशी ताडून पाहावे. एवढ्या लहानशा कामातही निरीक्षण, मोजमाप, शंका आणि प्रामाणिकपणा या चारही गोष्टींचा वस्तुपाठ मिळतो. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात जितके काम आहे, तितकेच वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आहे.

तथापि, चित्र दूरवर पाठविता येते म्हणून गुरूही दूरवरून पुरतो, असे मानणे भ्रामक ठरेल. सीमा चुकली तेव्हा ती का चुकली हे सांगणारा माणूस शेजारी असावा लागतो. म्हणून निदान काही आठवडे तरी विद्यार्थ्याने मोठ्या संस्थेत जाऊन राहिले पाहिजे, आणि तेथल्या तज्ज्ञानेही जिल्ह्यात येऊन शिकविले पाहिजे. यासाठी अवाढव्य निधी लागत नाही. विद्यापीठांनी उन्हाळी प्रशिक्षणाच्या काही जागा जिल्ह्यांच्या महाविद्यालयांसाठी निश्चित कराव्यात. त्यांच्या जाहिराती मराठीतही निघाव्यात. निवासाची आणि प्रवासाची तजवीज आधी व्हावी, नंतर भरपाईच्या कागदपत्रांवर ती सोडू नये. आणि प्रत्येक महाविद्यालयात एका प्राध्यापकाकडे हे काम नेमून द्यावे. देणग्या देऊन सभागृहांना नावे देण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी दरवर्षी पाच विद्यार्थ्यांचा दोन महिन्यांचा खर्च उचलला, तर त्यांचे नाव अधिक काळ टिकेल.

परभणी, सेलू, मानवत येथून परळच्या रुग्णालयाकडे जाणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही रात्रीच्या गाडीला दिसतात. हातातल्या पिशवीत क्ष-किरणांची चित्रे आणि तपासण्यांचे कागद असतात, त्यांचा अर्थ लावणारा माणूस मात्र गावापासून शेकडो मैल दूर असतो. हे अंतर केवळ रेल्वेने कापले जाणार नाही. क्वेट्ट्यात जन्मलेल्या, लंडनला शिकलेल्या एका डॉक्टराने सीताफळाची गुणसूत्रे मोजणाऱ्या विद्यार्थिनीमध्ये कर्करोगाची शास्त्रज्ञ पाहिली, आणि तिला प्रयोगशाळेत जागा दिली. मराठवाड्याच्या वर्गखोल्यांतही आज तशा मुली आणि तशी मुले बसलेली आहेत. त्यांना जागा देण्याचे काम विद्यापीठांचे, रुग्णालयांचे आणि त्यांना शिकविणाऱ्या शिक्षकांचे आहे. येत्या उन्हाळ्याचे अर्ज निघण्यापूर्वी ते सुरू झाले पाहिजे.